हयातीचा दाखला

मी राहतो शिरूरला आणि कारकुनी करतो दौंडच्या एका बँकेत. न्हावरे-चौफुला मार्गाच्या एसटीत सकाळी मी उभा असतो तो मान लोंबकळलेली, डोळे अर्धे मिटलेले, हात दांडीला अशा थाटात. त्यामुळे मी झोंबींचा सिनेमा बघणार म्हटल्यावर सौ. म्हणाली, "पैसे कशाला घालवता? आरसा आहे की!"

तरी पाहिलाच. २०२२ सालचा, आदित्य सरपोतदारांचा 'झोंबिवली'. डोंबिवलीतली उंच इमारत, शेजारी झोपडपट्टी आणि त्यात झोंबी. कल्पना झकास! पण झोंबींची खोड अशी, की ते घोळक्याने येतात. घोळक्याला घाबरता येते, त्याची कीव करता येत नाही. 'डे ऑफ द डेड' या १९८५ च्या चित्रपटात जॉर्ज रोमेरोने हे ओळखले. त्याने एकच झोंबी बाजूला काढला आणि त्याला बब हे नाव दिले. बब टेलिफोनचा रिसीव्हर उचलतो, सॅल्यूट ठोकतो. एक नाव, एक जुनी सवय, आणि मढ्याचा माणूस होतो!

आपला वेताळ मात्र याच्याही पुढचा. 'चांदोबा' वाचलेल्यांना तो ठाऊक आहेच. प्रेतात शिरून विक्रमाच्या खांद्यावर बसतो आणि विचारतो काय, तर न्याय-अन्याय! शेवटी कपटी जोगड्याचा डाव सांगून राजाचा जीवही तोच वाचवतो. जिवंत जोगडा नरबळी द्यायला टपलेला. मग माणुसकी कुणाच्या खात्यात शिल्लक? प्रेताच्या! अशा गोष्टी खरी तपासणी मेलेल्यांची करीत नाहीत, जिवंतांची करतात.

हे मला नोव्हेंबरात कळले. पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यांची झुंबड होती. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका आजोबांचा झिजलेला अंगठा यंत्रावर उमटेना. मान वर न करताच मी म्हणालो, "आजोबा, यंत्र तुम्हाला जिवंत मानत नाही."

"यंत्राचं राहू द्या साहेब, तुमचं काय मत आहे?"

मत देण्यासाठी मान वर करणे भाग पडले. उत्तर माहीत असून गप्प बसणाऱ्याच्या डोक्याची शकले होतात, ही वेताळाची अट आठवली. मी मुकाट्याने छापील फॉर्म काढला, भरून दिला, समोर त्यांची सही घेतली आणि खाली माझी केली.

फॉर्मवर हयात कोण ठरले, हे सौ.ला अजून सांगितलेले नाही.