तीन क्यूब, एक सरासरी आणि 'ताकद वाढली' हा निष्कर्ष

गोंदियासारख्या धानाच्या जिल्ह्यात बांधकाम साहित्यावर संशोधन करायचं म्हटलं की पहिला विषय बहुतेक हाच सुचतो: थोडं सिमेंट काढून त्याजागी तुसाची राख घालायची आणि काँक्रीटची ताकद मोजायची. राईस मिल जवळच असते, राखही सहज मिळते. विषय चांगला आहेच. पण या प्रकारचे पेपर वाचताना माझी एक तक्रार कायम असते: निष्कर्ष जितका ठाम, तितका पुरावा नसतो.

एक नमुना घेऊ. आकडे समजावण्यापुरते माझेच आहेत. साध्या काँक्रीटचे तीन क्यूब 28 दिवसांनी 23, 25 आणि 27 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरला फुटले. सरासरी 25. 10 टक्के राखेचे फुटले 24, 27 आणि 30 ला. सरासरी 27. लगेच वाक्य येतं, 'ताकद 8 टक्क्यांनी वाढली.'

आयएस 516 नुसार दोन्ही संच चालतात, कारण एकही क्यूब सरासरीपासून 15 टक्क्यांहून लांब नाही. पण ती अट बिघडलेला क्यूब पकडण्यासाठी आहे, दोन मिश्रणांची तुलना करण्यासाठी नाही. इथे सरासरींतला फरक 2 आहे आणि त्या फरकाचा स्टँडर्ड एररच सुमारे 2.1 आहे. मग वाढ राखेमुळे झाली की योगायोगाने, हे या सहा क्यूबवरून सांगताच येत नाही. काँक्रीटची ताकद वरखाली होते हे गृहीत धरूनच एम20 चं मिश्रण 20 वर न बेतता 26.6 वर बेततात (20 + 1.65 × 4). आपण पेपरात मात्र ते विसरतो.

दुसरी तक्रार राखेबद्दल. 'स्थानिक मिलमधून राख आणली' एवढ्यावर भागवलं जातं. पण पी. कुमार मेहता यांच्या 1970 च्या दशकातल्या कामापासून हे माहीत आहे की तूस कोणत्या तापमानाला आणि किती वेळ जळलं, यावर सगळं अवलंबून असतं. नीट जाळलं तर सिलिका अस्फटिकी राहते आणि चुन्याशी अभिक्रिया करते. जास्त तापलं तर स्फटिक बनतात आणि ती मंद होते. उकड्या तांदळाच्या मिलमधला बॉयलर वाफेसाठी चालवतात, आपल्या प्रयोगासाठी नाही. राख काळी असेल तर न जळलेला कार्बन आहे असं समजा, म्हणजे पाणीही जास्त लागणार. त्यामुळे एक्सआरडी आणि लॉस ऑन इग्निशन दिलेलं नसेल, तर तो निष्कर्ष फार तर त्या पोत्यापुरता.

हे मी अनुभवावरून सांगते. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी वेगवेगळ्या दिवशी आणलेली दोन पोती एकत्र ओतली होती. आलेख छान आला. व्हायवात विचारलं, "ही राख कोणत्या दिवसाची?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिसरी गोष्ट विटा-ब्लॉकची. तिरोड्याच्या औष्णिक केंद्रामुळे आपल्याकडे फ्लाय ॲशच्या विटांवरही काम होतं. तिथे विटेचा आकडा थेट क्यूबच्या आकड्याशेजारी ठेवतात. वीट आडवी ठेवून दाबली की तिची उंची कमी असते, मशीनच्या पाट्या तिला बाजूने पसरू देत नाहीत आणि आकडा फुगतो. पोकळ ब्लॉकमध्ये भार पूर्ण क्षेत्रफळाने भागला की नुसत्या भरीव भागाने, हेही बघा.

या पेपरांमागची मेहनत मी नाकारत नाही. क्यूब भरणं, 28 दिवस पाण्यात सांभाळणं हे अंगमेहनतीचं काम आहे. म्हणूनच तीनऐवजी निदान सहा क्यूब भरा, वेगवेगळ्या दिवशी मिश्रण करा, प्रत्येक क्यूबचा आकडा छापा. आणि 'फरक आढळला नाही' असं निघालं तर तसंच लिहा. उद्या कुणी घरकुलाच्या स्लॅबसाठी तुमचा '10 टक्के' उचलेल, तेव्हा त्या स्लॅबखाली माणसं राहणार आहेत.