भानू अथैया आणि पडद्यावरचा वस्त्रविचार

वेशभूषा ही पात्राचा काळ, प्रदेश, ऐपत आणि मनःस्थिती कापडातून सांगणारी कला असूनही, आपल्या चित्रपटसमीक्षेत ती अद्याप नटनटींच्या देखणेपणाच्या खाती जमा होते. संगीतावर पानेच्या पाने लिहिणारा समीक्षकही कपड्यांपाशी आला की एखाद्या विशेषणावर भागवतो. ही उणीव किती मोठी आहे, ते कोल्हापूरच्या भानू अथैया (१९२९–२०२०) यांची कारकीर्द पाहताना जाणवते.

चित्रकार अण्णासाहेब राजोपाध्ये यांच्या या कन्येने मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण घेतले, प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात चित्रे मांडली आणि त्याच सुमारास 'ईव्ह्ज वीकली'सारख्या महिला नियतकालिकांसाठी फॅशनची रेखाचित्रेही काढली. पुढे याच साप्ताहिकाच्या संपादिकेने तयार कपड्यांचे छोटे दालन, म्हणजे बुटीक, उघडले, तेव्हा अथैया यांना कागदावरचा पोशाख प्रत्यक्ष कापडात उतरवण्याची संधी मिळाली. अशा रेखाचित्रात कापडाचा पोत, चुण्या आणि झोळ मोजक्या रेषांत दाखवावा लागतो, आणि त्यांच्या चित्रपटीय कामातली नेमकी नजर या शिस्तीतून आली असावी. 'सी.आय.डी.' (१९५६) पासून हे काम सुरू झाले. 'वक्त'मधला साधनाचा अंगाबरोबरचा कुर्ता आणि चुडीदार रस्त्यावर उतरला, तर 'ब्रह्मचारी'त (१९६८) मुमताजला वेगाने नाचता यावे म्हणून साडीच आधी शिवून तिला चेन लावली गेली.

'आम्रपाली'ची (१९६६) गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. तिच्या वस्त्रांसाठी अथैया यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा आधार घेतला. मात्र आम्रपाली बुद्धकालीन वैशालीची आणि अजिंठ्याची बहुतेक प्रसिद्ध चित्रे इसवी सनाच्या पाचव्या शतकातली, म्हणजे दोहोंत सुमारे हजार वर्षांचे अंतर आहे. बुद्धकाळातली चित्रे उपलब्ध नसताना ही निवड समजण्यासारखी आहे, पण तिला इतिहास न म्हणता प्रतिभेने केलेली पुनर्रचना म्हणणे योग्य ठरेल. 'गांधी'त (१९८२) ही मोकळीक नव्हती, कारण गांधीजींची छायाचित्रे प्रेक्षकांच्या घरोघरी होती. दक्षिण आफ्रिकेतल्या बॅरिस्टरच्या सुटापासून १९२१ मध्ये मदुराईत स्वीकारलेल्या पंचापर्यंतचा प्रवास तेथे कपड्यांतूनच वाचता येतो; शिवाय हातसुताची जाडी कमीजास्त असल्याने खादी भिवंडीच्या यंत्रमागावरच्या एकसारख्या कापडाप्रमाणे पडत नाही, आणि हा फरक कॅमेरा लपवत नाही. या कामासाठी त्यांना जॉन मोलो यांच्यासह १९८३ मध्ये ऑस्कर मिळाला. तो कोणाही भारतीयाचा पहिला ऑस्कर. 'लेकिन' आणि 'लगान' यांसाठी राष्ट्रीय पुरस्कारही लाभले.

२०१२ मध्ये अथैया यांनी ऑस्करची बाहुली जतनासाठी अकादमीकडे परत सोपवली. त्यांना आपल्याकडे तिच्या सुरक्षिततेची खात्री वाटली नाही, ही गोष्ट मराठी कलाजगताला लागायला हवी होती. बाहुलीपेक्षाही त्यांची रेखाटने, कापडाचे नमुने आणि मूळ पोशाख अभ्यासकाला एका छताखाली पाहता येणे अधिक निकडीचे आहे. शिवण आतून उलटून पाहिल्याशिवाय या कलेची समीक्षा पडद्यावरच्या प्रतिमेपाशीच अडून राहील.