महानगरी अद्भुत आणि वाचकाची अभिरुची

महानगरी अद्भुत कादंबऱ्यांच्या वाचकाची आवडनिवड ही निव्वळ खाजगी बाब मानून समीक्षा ती बाजूला सारते. वस्तुतः या आवडनिवडीत महानगराविषयीची एक भूमिका दडलेली असते. नील गेमन यांची ‘नेव्हरव्हेअर’ (१९९६) आणि बेन आरोनोव्हिच यांची ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ (२०११) या दोहोंचे स्थळ लंडनच. पहिलीत एका जखमी मुलीला मदत करणारा रिचर्ड मेह्यू नेहमीच्या लंडनच्या लेखी नाहीसा होतो. परत आल्यावरही तो अखेर भुयारी लंडनच निवडतो. दुसरीतील पीटर ग्रँट हा पोलीस शिपाई भुताचीही साक्ष घेऊ पाहतो. थेम्सची देवता तेथे नायजेरियातून आलेली स्त्री आहे. एकीत अद्भुत हे व्यवस्थेने नाकारलेल्यांचा आश्रय ठरते, तर दुसरीत ते व्यवस्थेच्या दप्तरात सामावले जाते. पहिलीकडे ओढला जाणारा आणि दुसरीत रमणारा वाचक ‘शहर कोणाचे?’ या प्रश्नाला बहुधा वेगवेगळी उत्तरे देत असतात. अर्थात, आवड म्हणजे मूल्यनिर्णय नव्हे. परंतु तिची कारणमीमांसा टाळणाऱ्या समीक्षेला अद्भुताचे रंजनमूल्य तेवढे दिसते. त्यातील सामाजिक आशय तिच्या हाती लागत नाही.