एकांतर फलधारणेचा निर्देशांक : एक चिकित्सा

सफरचंद, नासपती यांसारख्या समशीतोष्ण प्रदेशातील फळझाडांना एका वर्षी फांद्या वाकतील इतके फळ यावे आणि दुसऱ्या वर्षी झाड जवळजवळ रिते राहावे, हा बागायतदारांचा जुना अनुभव आहे. भरघोस वर्षी फळ लहान राहते व भाव उतरतो. रित्या वर्षी विकण्यास मालच नसतो. या दोषाचे मोजमाप करण्याचा शास्त्रशुद्ध प्रयत्न इंग्लंडमधील ईस्ट मॉलिंग येथील हॉब्लिन व त्यांचे सहकारी यांच्या १९३६ सालच्या अभ्यासाने रूढ केला. त्यातून प्रचारात आलेला तीव्रतेचा निर्देशांक आजही शोधनिबंधांत सर्रास आढळतो. परंतु हा अंक नेमके काय मोजतो, याचा विचार त्याच्या वापराच्या मानाने फारच थोडा होतो.

निर्देशांकाची रीत सोपी आहे. लागोपाठच्या दोन वर्षांच्या उत्पन्नांतील फरकास त्यांच्या बेरजेने भागावे, फरकाचे चिन्ह सोडून द्यावे आणि अशा सर्व भागाकारांची सरासरी काढावी. उत्पन्न दरवर्षी सारखे असेल तर शून्य येते; एक वर्ष पीक व एक वर्ष काहीच नाही, अशी स्थिती असेल तर एक. झाडाचा लहानमोठेपणा यात आड येत नाही व लहान झाडाची मोठ्याशी तुलना करता येते, हा या रीतीचा निर्विवाद गुण होय. मात्र ज्या चिन्हाचा ती त्याग करते, त्या चिन्हातच एकांतरतेची खूण असते. वाढीनंतर घट व घटीनंतर वाढ हा क्रम म्हणजेच एकांतर फलधारणा. आणि नेमका हा क्रमच सरासरीत लोप पावतो.

काही कल्पित मालिका घेऊन पाहिल्यास याची प्रचीती येईल. एका झाडाचे पाच वर्षांचे उत्पन्न ८०, ४०, ८०, ४० व ८० किलो आहे असे मानू. हे झाड उघडच एकांतर फळणारे आहे. त्याचा निर्देशांक ०.३३ येतो. दुसरे झाड नव्या लागवडीतील असून त्याचे उत्पन्न ५, १०, २०, ४० व ८० किलो असे दरवर्षी दुपटीने वाढत गेले आहे. त्यात एकांतरतेचा लवलेशही नाही. तरी त्याचाही निर्देशांक ०.३३ च. तिसरे झाड दरवर्षी नियमाने ६० किलो देणारे, पण तिसऱ्या वर्षी कडाक्याच्या दहिवराने त्याचा सारा मोहोर जळाला : ६०, ६०, ०, ६०, ६०. याचा निर्देशांक ०.५० येतो. म्हणजे खरोखर दोषी असलेल्या झाडापेक्षा हवामानाने नाडलेले निर्दोष झाड अधिक दोषी ठरते. इतकेच नव्हे, तर उत्पन्न शून्य व एखादी कमाल मर्यादा यांच्या दरम्यान केवळ यदृच्छेने, सर्व मूल्ये समसंभाव्य राहून, बदलत असेल, तरी निर्देशांकाची अपेक्षित किंमत सुमारे ०.३९ भरते. तेव्हा ०.३५ किंवा ०.४० असा अंक छापून त्यावरून जातीस एकांतर म्हणणे हे अनुमान नव्हे, तर्कदोष होय.

दुसरी त्रुटी मोजमापाच्या एककाची आहे. अर्धी झाडे एका वर्षी व उरलेली अर्धी दुसऱ्या वर्षी फळत असतील, तर बागेचे एकूण उत्पन्न समतोल दिसते व निर्देशांक शून्याजवळ येतो, जरी प्रत्येक झाड पूर्णपणे एकांतर असले तरी. हीच गोष्ट एका झाडाच्या आतही घडते. ज्या आखूड फळफांदीवर यंदा फळ पोसले, ती पुढील वर्षी बहुधा फुलत नाही. नियमित समजल्या जाणाऱ्या झाडातही फांद्या पाळीपाळीने फळत असू शकतात. तेथे नियमितपणा हा त्यांच्या पाळ्या एकमेकींशी न जुळण्याचा परिणाम असतो. गाला व फुजी या जातींतील भेद समजून घ्यावयाचा, तर प्रतिझाड वजनाबरोबरच किती फांद्या फुलल्या याची गणना हवी.

मोजमापाचा हा प्रश्न केवळ गणिती नाही, हे कारणमीमांसेकडे वळताच स्पष्ट होते. पुढील वर्षाच्या पुष्पकळीची घडण चालू वर्षाच्या बहारानंतरच्या काही आठवड्यांतच सुरू होते. चॅन व केन यांनी १९६७ साली स्पेन्सर सीडलेस या, बीविरहित फळेही धरू शकणाऱ्या, सफरचंदाच्या जातीवर दाखविले की बियांयुक्त फळे पुढील बहार रोखतात, बीविरहित फळे तसे करीत नाहीत. त्यामुळे केवळ अन्नसाठा संपल्याने झाड रिते राहते, ही जुनी उपपत्ती अपुरी ठरली आणि बियांतून येणाऱ्या जिबरेलिनांसारख्या संप्रेरकांकडे लक्ष वेधले गेले. विरळणीची वेळ याच ज्ञानावर ठरते. फुलांची वा अगदी कोवळ्या फळांची विरळणी पुढील बहारास उपकारक होते. उशिरा केलेल्या विरळणीने उरलेली फळे मोठी होतात, परंतु पुढच्या वर्षीचा निर्णय बव्हंशी होऊन गेलेला असतो.

येथे दहिवराचे उदाहरण पुन्हा महत्त्वाचे ठरते. मोहोर जळालेल्या वर्षी झाडावर बी नसते. म्हणून पुढील वर्षी अतोनात फूल येण्याचा संभव असतो, आणि त्या वर्षी फळ तसेच राहू दिल्यास तिथूनच एकांतर चक्र सुरू होते. एकाच रात्रीचे दहिवर बागेतील सर्व झाडांना एकाच पाळीवर आणू शकते. म्हणून आघातानंतरचे भरघोस फुलांचे वर्ष हेच हस्तक्षेपाचे वर्ष होय. आघात व त्यावरील झाडाची प्रतिक्रिया यांना एकाच सरासरीत मिसळणारा निर्देशांक हे वर्ष दाखवून देऊ शकत नाही.

या अडचणी अभ्यासकांच्या ध्यानात आल्याच नाहीत असे नाही. पिअर्स व डोबरशेक-उर्बांट्स यांनी १९६७ साली अनियमिततेच्या मोजमापाचा प्रश्न पुन्हा हाती घेतला. २०१३ साली द्युराँ व सहकाऱ्यांनी सफरचंदाच्या संकरित रोपांच्या आरंभीच्या वर्षांसाठी वाढीचा कल वेगळा काढून उरलेल्या चढउतारांतील परस्परसंबंध तपासण्याची रीत मांडली. लागोपाठच्या वर्षांचे हे अवशेष विरुद्ध चिन्हांचे असण्याकडे झुकत असतील तरच एकांतरतेचा आरोप टिकतो. या रीतीस गणित थोडे अधिक लागते, पण वर दाखविलेले दुसरे झाड पहिल्याच्या पंक्तीस बसत नाही, हा तिचा लाभ आहे.

कोकणातील हापूस आंब्याच्या अभ्यासातही ही सावधगिरी हवी. तेथे मोहोराची घडण फुलण्याच्या थोडीच आधी होते. त्यामुळे सफरचंदाचे वेळापत्रक आंब्यास लावता येणार नाही. परंतु अवकाळी पावसाने बुडालेले पीक व झाडाच्या स्वभावाने हुकलेले पीक यांतील भेद तेथेही तितकाच आवश्यक आहे.

जुना निर्देशांक टाकून द्यावा असा याचा अर्थ नाही. त्यासोबत प्रत्येक झाडाची वर्षवार मालिका, फुललेल्या फांद्यांची गणना आणि दहिवर, गारपीट वा परागीभवनातील बिघाड यांची नोंद दिली जावी, एवढीच अपेक्षा रास्त आहे. अन्यथा संकरकार उत्तम रोप दुष्ट समजून उपटून टाकील, आणि ज्याच्या बागेस विरळणीपेक्षा दहिवरापासून संरक्षणाची अधिक गरज आहे, अशा शेतकऱ्यास विरळणीचाच सल्ला मिळत राहील.