राजीनामा आणि शांतिसेना : लहान राष्ट्रांच्या संमतीविषयी एक शब्दचर्चा

शेवगावच्या आठवडेबाजारात ‘राजीनामा’ हा शब्द कानी पडला, तर ऐकणाऱ्याला त्यातून एकच बोध होतो : कोणा सरपंचाने किंवा सोसायटीच्या संचालकाने आपले पद सोडले. परंतु ह्याच तालुक्याच्या जुन्या महसुली दप्तरात हा शब्द पदाशी नव्हे, तर जमिनीशी जोडलेला आढळेल. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याखाली खातेदार जमिनीवरील आपला कब्जा सोडताना सरकारास जो लेख देई तो ‘राजीनामा’, आणि नवा खातेदार जो लेख देई ती ‘कबुलायत’. आणखी मागे, पेशवाईच्या न्यायव्यवहारात गेले म्हणजे अर्थ जवळजवळ उलटा होतो. तेथे वादी व प्रतिवादी पंचांपुढे उभे राहत, आणि ‘पंच जे ठरवतील ते आम्हांस मान्य’ अशा आशयाचा लेख दोघेही लिहून देत. तो लेख म्हणजे राजीनामा. अरबी ‘राजी’ व फारसी ‘नामा’ ह्यांपासून बनलेल्या ह्या शब्दाचा मूळ अर्थ संमतिपत्र असाच आहे.

संमतीपासून त्यागापर्यंतचा हा प्रवास अर्थपरिवर्तनाचे एक नमुनेदार उदाहरण म्हणून वर्गात सांगितला जातो व तेथेच सोडून दिला जातो. वस्तुतः ह्या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र धरले, तर आंतरराष्ट्रीय राजकारणातील एका प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी मराठी वाचकास मिळू शकते. तो प्रश्न असा की, शांतता राखण्यासाठी किंवा लष्करी शिक्षणासाठी जेव्हा एका देशाचे सैन्य दुसऱ्या देशाच्या भूमीवर जाते, तेव्हा त्या व्यवहारात लहान राष्ट्राची भूमिका कोणती? मराठी वृत्तपत्रीय लेखनात ह्याचे उत्तर बहुधा ठरलेले असते. लहान राष्ट्र ‘चिमुकले’ असते. ते संकटात सापडते, मदत मागते व कृतज्ञ राहते. ‘चिमुकले’ हे विशेषण बालकासाठी शोभते. राष्ट्रासाठी ते वापरले की त्या राष्ट्राला स्वतःची इच्छा असू शकते ही गोष्टच वाक्यातून बाहेर पडते.

ह्या दोषाचे मूळ ‘शांतिसेना’ ह्या शब्दात शोधावे लागते. मराठीत हा एकच शब्द निदान तीन भिन्न गोष्टींना लावला जातो. विनोबांनी १९५७ साली केरळात उभी केलेली शांतिसेना निःशस्त्र होती. तिचे सैनिक आपल्याच समाजातील दंगे शमविण्यासाठी स्वतःचा देह मध्ये घालावयास तयार असलेले कार्यकर्ते होते. संयुक्त राष्ट्रांची निळ्या शिरस्त्राणांची दले ही दुसरी गोष्ट. ती सशस्त्र असतात, पण यजमान राष्ट्राची संमती, निःपक्षपात आणि आत्मसंरक्षण व नेमून दिलेले कार्य ह्यांपलीकडे बळाचा वापर न करणे, ह्या तीन तत्त्वांनी ती बांधलेली असतात. तिसरी गोष्ट म्हणजे १९८७ ते १९९० ह्या काळात श्रीलंकेत गेलेले भारतीय सैन्य. ते संयुक्त राष्ट्रांचे नव्हते. दोन सरकारांमधील करारान्वये गेले होते आणि काही महिन्यांतच एका पक्षाशी प्रत्यक्ष युद्धात गुंतले. ज्या भाषेत ह्या तिन्हींना एकच नाव आहे, त्या भाषेच्या वाचकाने तिघांकडून एकच अपेक्षा करावी, ह्यात नवल नाही.

श्रीलंकेचे उदाहरण थोडे तपशिलाने पाहण्यासारखे आहे. २९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी व जयवर्धने ह्यांनी करारावर सह्या केल्या व त्यानुसार भारतीय फौजा उत्तर श्रीलंकेत उतरल्या. हा राजीनाम्याचा पहिला अर्थ. परंतु जुन्या मराठी न्यायपद्धतीचा जाणकार येथे लगेच विचारील की, राजीनामा दोघांचा होता काय? वाद श्रीलंकेचे सरकार व तमिळ संघटना ह्यांच्यात होता. त्यांतील सर्वांत प्रबळ संघटना, म्हणजे लिट्टे, करारावर सही करणारी नव्हती. तिने वरवर मान तुकविली, पण मनाने ती राजी नव्हती. ऑक्टोबर १९८७ मध्ये लढाई सुरू झाली. महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे, मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन् ह्यांना त्याच वर्षीच्या २५ नोव्हेंबरला वीरमरण आले. ह्या मोहिमेतील एकमेव परमवीरचक्र त्यांचे आहे. सुमारे बाराशे भारतीय सैनिक तेथे कामी आले. पुढे १९८९ साली नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदास ह्यांनी भारतीय सैन्याने निघून जावे अशी मागणी केली, आणि मार्च १९९० मध्ये अखेरची तुकडी परतली. हा राजीनाम्याचा दुसरा अर्थ, केवळ कर्ता बदलून : यजमानाने संमती मागे घेतली आणि पाहुण्याला जागा सोडावी लागली. मराठीत ह्या प्रसंगाविषयी जे लिहिले गेले त्यात शौर्य आहे, विश्वासघाताची भावना आहे. ‘त्यांना हा अधिकार होता’ हे साधे वाक्य मात्र विरळा सापडते.

ह्याउलट एक प्रसंग असा आहे की, ज्यात संमतीचा काटेकोर विचार एका मराठी सेनानीला पदोपदी करावा लागला. कोल्हापूरकडील वडगावचे शंकरराव थोरात १९५३ साली कोरियात गेलेल्या भारतीय रक्षकदलाचे प्रमुख होते. मायदेशी परत जाण्यास नकार देणारे बावीस हजारांहून अधिक युद्धकैदी सुमारे सहा हजारांच्या ह्या दलाच्या ताब्यात आले. त्यांच्या भवितव्याचा निर्णय तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाने करावयाचा होता. जनरल थिमय्या त्याचे अध्यक्ष आणि स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड व चेकोस्लोव्हाकिया हे अन्य सभासद होते. दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष सिंगमन ऱ्ही ह्यांचा भारताविषयी घोर अविश्वास होता. भारतीय सैनिकाचे पाऊल आपल्या भूमीवर पडू देणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. युद्धाने उद्ध्वस्त झालेले, परकीय सैन्यावर जगणारे ते राष्ट्र. तरी त्याच्या नकाराला मान द्यावाच लागला. इंचॉनच्या बंदरात आलेल्या भारतीय पलटणी अमेरिकन हेलिकॉप्टरांतून थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरविण्यात आल्या. हजारो माणसे केवळ जमिनीला पाय लागू नये म्हणून आकाशमार्गाने नेली गेली. लहान राष्ट्राच्या ‘नाही’ला किती वजन असू शकते, ह्याचे इतके मूर्त उदाहरण क्वचितच आढळेल.

आयोगाच्या कामात तर संमतीचा प्रश्न राष्ट्रावरून व्यक्तीवर आला. प्रत्येक कैद्याला त्याच्या मायदेशाच्या प्रतिनिधींनी समजावून सांगावयाचे, आणि नंतर त्याने आपली इच्छा प्रकट करावयाची, अशी योजना होती. कैद्यांच्या गटांनी समजावणीस येण्याचेच नाकारले. त्यांना बळाने आणावे काय? पोलंड व चेकोस्लोव्हाकिया ह्यांचा कल एका बाजूला होता. स्वीडन व स्वित्झर्लंड ह्यांनी बळाच्या वापरास ठाम विरोध केला. अखेर बळ वापरले गेले नाही, आणि समजावणीसाठी ठेवलेल्या नव्वद दिवसांपैकी फार थोडे दिवस प्रत्यक्षात उपयोगी पडले. कार्य अपुरे राहिले, असे म्हणणारे तेव्हाही होते. तथापि ज्या दलाने आपल्याहून तिप्पट-चौपट संख्येच्या, संघटित व क्षुब्ध कैद्यांचे रक्षण केले, त्याचे यश शस्त्र आवरण्यात होते. मराठी वाचक थोरातांना सेनानी म्हणून ओळखतो. त्यांच्या कारकिर्दीतील हे पर्व मात्र ‘शांतिसेना’ ह्या शब्दाच्या मराठी चर्चेत येत नाही.

‘तटस्थ’ ह्या शब्दाचाही येथे विचार करावयास हवा. तटावर उभा असलेला तो तटस्थ. पैठणच्या घाटावर उभे राहून पूर पाहणाऱ्यास हा शब्द चपखल लागू पडेल. पन्मुन्जॉमच्या पट्ट्यात उभ्या असलेल्या स्विस किंवा स्वीडिश अधिकाऱ्यास तो अपुरा पडतो, कारण तो प्रवाहात उतरलेला असतो. जुन्या मराठी व्यवहारात ह्याहून नेमकी कल्पना होती. आपल्या गावची गोतसभा विरुद्ध पक्षाला सामील आहे असा संशय एखाद्या पक्षास आला, तर तो ‘परस्थळ’ मागू शकत असे, म्हणजे दुसऱ्या ठिकाणच्या सभेकडे निवाडा नेण्याची मागणी करू शकत असे. परस्थळाची योग्यता त्याच्या बळावर किंवा वैभवावर ठरत नसे. त्या वादात त्याचे काही गुंतलेले नाही, एवढेच पाहिले जाई. लहान राष्ट्रांना शांतिरक्षणासाठी का बोलाविले जाते, ह्याचे उत्तर ‘परस्थळ’ ह्या शब्दात आहे. मात्र परस्थळही उभयतांच्या मान्यतेवर उभे असते. कोरियातील युद्धविरामावर देखरेख करणाऱ्या आयोगातून चेक प्रतिनिधींना १९९३ मध्ये व पोलिश प्रतिनिधींना १९९५ मध्ये उत्तर कोरियाने बाहेर काढले. दक्षिणेच्या बाजूला स्विस व स्वीडिश तेवढे उरले.

लहान राष्ट्र म्हणजे केवळ यजमान नव्हे. ते सैन्य पाठविणारेही असते, ही गोष्ट तर मराठी लेखनात जवळजवळ अनुल्लेखित आहे. फिजीची लोकसंख्या नऊ लाखांच्या आसपास, म्हणजे २०११ च्या जनगणनेतील अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्याच्या एक-पंचमांश. पण १९७८ पासून त्याचे सैनिक लेबनॉनमध्ये व पुढे सिनाईत उभे राहिले. २०१४ मध्ये गोलन टेकड्यांवर त्यांतील पंचेचाळीस जण सशस्त्र गटाच्या हाती सापडले व सुमारे दोन आठवड्यांनी सुटले. ह्या सेवेचा अर्थ निव्वळ परोपकार असा लावणे भाबडेपणाचे होईल. संयुक्त राष्ट्रे दर सैनिकामागे दरमहा सुमारे चौदाशे डॉलर संबंधित सरकारास देतात, आणि हा दर श्रीमंत व गरीब देशांस सारखाच असतो. गरीब राष्ट्रास तो लाभदायक ठरतो. शिवाय परदेशी कर्तव्याने वाढलेल्या फिजीच्या सैन्यातूनच १९८७ व २००६ चे सत्तापालट घडले. लहानपणाला निष्पापपणा समजण्याची चूक ‘चिमुकले’ म्हणणारेच करतात असे नाही.

नेपाळचे उदाहरण महाराष्ट्राच्या अधिक जवळचे आहे. महाराष्ट्राच्या सुमारे एक-चतुर्थांश लोकसंख्येचा हा देश १९५८ पासून संयुक्त राष्ट्रांच्या कार्यात आहे व अलीकडच्या वर्षांत सर्वाधिक सैनिक देणाऱ्या राष्ट्रांत त्याची गणना होते. काठमांडूच्या पूर्वेस पांचखाल येथे त्याचे शांतिकार्याचे शिक्षणकेंद्र आहे, आणि त्याच्या नावात ‘तालिम’ हा शब्द आहे. मराठीत तालीम कुस्तीची किंवा नाटकाची. सैनिकाचे मात्र ‘प्रशिक्षण’. हा भेद क्षुल्लक नाही. तालमीत वस्ताद असतो, पण जोडीदारावाचून तालीम होत नाही. ‘प्रशिक्षण’ देणारा व घेणारा ह्यांच्यात मात्र वरखाली ठरलेली असते. नगरच्या रणगाडा शाळेत किंवा पुण्याच्या औंध छावणीत परदेशी सैनिक येतात, तेव्हा मराठी बातमीत भारत ‘प्रशिक्षण देतो’ आणि लहान देश ‘घेतात’. औंधला मार्च २०१६ मध्ये अठरा राष्ट्रांचा आणि मार्च २०१९ मध्ये सतरा आफ्रिकी राष्ट्रांसह जो सराव झाला, त्यांचे विषय शांतिरक्षण व सुरुंग-निवारण हे होते. त्यांत भाग घेणाऱ्या घानासारख्या देशाचे सैनिक १९६० मध्ये काँगोत गेले होते. असे सैन्य शिकावयाला येते तसे शिकवावयालाही येते.

ह्याच औंध छावणीत १० सप्टेंबर २०१८ पासून बंगालच्या उपसागराभोवतीच्या राष्ट्रांचा, म्हणजे बिमस्टेकचा, लष्करी सराव झाला. नेपाळची तुकडी येणार होती. सराव तोंडावर असताना काठमांडूच्या सरकारने ती न पाठविण्याचे ठरविले; केवळ निरीक्षक आले. लष्करी सहकार्य ह्या संघटनेच्या उद्दिष्टांत कधी ठरलेच नव्हते, असा आक्षेप तेथील राजकारणात घेतला गेला होता. त्याच महिन्यात नेपाळी सैनिक चीनबरोबरच्या सरावासाठी चेंगडूस गेले, आणि भारतात रोष व्यक्त झाला. तो समजण्यासारखा असला, तरी ‘नेपाळने ऐनवेळी पाठ फिरविली’ ह्या धर्तीची वाक्यरचना पुन्हा तेच करते : संमती ही देणगी नसून कर्तव्य होते, असे ती गृहीत धरते. मालदीवने मे २०२४ पर्यंत भारतीय सैनिक परत पाठविले व त्यांच्या जागी मुलकी तंत्रज्ञ स्वीकारले, तेव्हाही हीच भाषा उमटली. १९८८ साली त्याच मालदीवच्या हाकेला भारतीय छत्रीधारी सैनिक काही तासांत धावून गेले होते, ह्याची आठवण त्या वेळी दिली गेली. पण हाक मारणे आणि निरोप देणे ह्या एकाच अधिकाराच्या दोन बाजू आहेत, आणि ‘राजीनामा’ ह्या शब्दाला त्या दोन्ही एके काळी माहीत होत्या.

शब्दकोशकारांनी ‘शांतिसेना’ ह्या नोंदीखाली तिन्ही अर्थ निरनिराळे द्यावेत, ही अपेक्षा माफक आहे. ‘शांतिरक्षक दल’ हा पर्याय संयुक्त राष्ट्रांच्या दलासाठी रूढ होऊ लागला आहे, तो चांगला आहे. अधिक अवघड आहे तो असा व्यवहार की, ज्यात होकारही नसतो आणि नकारही. १९४७ च्या त्रिपक्षीय करारानुसार नेपाळी तरुण भारतीय सैन्याच्या गुरखा पलटणींत भरती होत आले. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आल्यावर नेपाळने भरतीस अनुमती दिली नाही. करारही मोडला नाही. चार वर्षांनी परत येणाऱ्या तरुणांचे काय, हा काठमांडूचा प्रश्न होता. भरतीचे मेळावे झाले नाहीत, आणि पूर्वी भरती झालेले सैनिक आपल्या पलटणींत सेवा करीत राहिले. ह्या स्थितीला नाव देणारा शब्द पेशवाईच्या कागदांत आहे काय, हे विद्यार्थ्यांनी शोधून पाहण्यासारखे आहे.