प्रदर्शनं उदंड, पण इतिहास कुठे?

मुंबईत चित्रं पाहणाऱ्याला उपास घडत नाही. जहांगीर आर्ट गॅलरीत मंगळवारी नवी प्रदर्शनं लागतात आणि सोमवारी संध्याकाळी उतरतात. १९५२ पासून हा राबता चालू आहे. तिकीट नाही, दाराशी कुणी हटकत नाही. फोर्टातलं ऑफिस सुटलेला माणूस वाकडी वाट करून आत शिरतो. चित्रकलेला इतकं मोकळं दार या शहरात दुसरं नाही. पण आठवडा हाती यावा म्हणून चित्रकार वर्षानुवर्षं तारखेसाठी थांबतो आणि पाहिलेल्या चित्राची ओळख पटेपर्यंत ते भिंतीवरून उतरलेलं असतं.

खरी उणीव याच्याही पुढची आहे. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चं, बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ ची. धुरंधर, हळदणकर, पुढे गायतोंडे, बरवे. ही सगळी वाट इथूनच गेली. १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपच्या सहा संस्थापकांत हुसेन, रझा, सूझा, आरा यांच्या बरोबरीने ह. अ. गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरेही होते. ही परंपरा क्रमाने, कायमस्वरूपी पाहता येईल असं एकही दालन मुंबईत नाही. जे. जे.चा स्वतःचा मोठा संग्रहसुद्धा लोकांपुढे क्वचितच येतो.

राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडून ही अपेक्षा होती. १९९६ मध्ये कावसजी जहांगीर हॉलमध्ये त्याचं मुंबईतलं कलादालन झालं. अर्धवर्तुळात चढत घुमटाखाली पोचणारी ही रचना एकाच चित्रकाराच्या प्रदर्शनाला उत्तम साथ देते. २०१९ मध्ये प्रभाकर बरवे यांचं सिंहावलोकनी प्रदर्शन इथे झालं. पान, शंख, घड्याळ अशा साध्या वस्तूंना अवकाश देणारा हा चित्रकार मजल्यामजल्याने उलगडत पाहावा असाच आहे. त्या प्रदर्शनाच्याच उद्घाटनात, स्थानिक कलावंतांची सल्लागार समिती बरखास्त झाल्याबद्दल बोलणाऱ्या अमोल पालेकरांना मध्येच अडवलं गेलं. काय दाखवायचं हे ठरवताना या शहरातल्या चित्रकारांना विचारायचं की नाही, हा त्यांचा मुद्दा रास्त होता आणि आजही आहे.

भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाने वेगळी वाट दाखवली. २००८ मध्ये जीर्णोद्धारानंतर ते उघडलं आणि आजच्या कलावंतांना जुन्या संग्रहाशी बोलायला बोलावलं गेलं. २०११ मध्ये जितिश कल्लाट यांनी बांबूच्या परांचीसारखी शिल्पं त्या नक्षीदार दालनात उभी केली. शेजारच्या राणीच्या बागेत आलेली कुटुंबं तीही पाहत होती. समकालीन कलेला कुलाबा-काळा घोड्याबाहेरचा प्रेक्षक मिळतो, हे तिथे दिसलं. खासगी दालनांत मात्र भिंतीवरची टिपणं बहुधा इंग्रजीतच असतात. मराठीत लिहायला कुणाची हरकत आहे?

जे. जे.चा संग्रह आधी बाहेर काढा. राज्य सरकारला ते अशक्य नाही. तोवर जहांगीरला जाल तेव्हा शेजारच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं जहांगीर निकल्सन संग्रहाचं दालनही पाहून या. आपले आधुनिक चित्रकार तिथे भेटतात.