न बसलेला साका
एक उदाहरण. ०.००३ मोलर लेड नायट्रेटचं १०० मिलिलिटर द्रावण आणि तेवढ्याच संहतीच्या पोटॅशियम आयोडाइडचं १०० मिलिलिटर द्रावण एकत्र ओतलं, तर अवक्षेप मिळेल का? मजकूर एवढाच. बारावीत असली उदाहरणं आपण घाऊक सोडवतो. पण हे जरा सावकाश वाचण्यासारखं आहे.

पहिल्या वाचनात ते सोपंच वाटतं. नायट्रेटं सगळी विरघळतात, पोटॅशियमचे क्षारही विरघळतात, तेव्हा नायट्रेट आणि पोटॅशियम हे निव्वळ प्रेक्षक. उरले शिसं आणि आयोडाइड. ही जोडी जमली की पिवळाधमक साका, हे शाळेत डोळ्यांनी पाहिलेलं असतं. तोच साका उकळत्या पाण्यात विरघळवून नितळ द्रावण हळूहळू निववलं की सोनेरी पत्रे भुरभुरत खाली येतात. ते एकदा पाहिलेला माणूस ‘मिळेल’ असं लिहून मोकळा होतो.

सावध विद्यार्थी आकडेमोड करतो. वाल्थर नेर्न्स्टने १८८९ मध्ये मांडलेला विद्राव्यता गुणाकार हाताशी असतोच: शिशाची संहती गुणिले आयोडाइडच्या संहतीचा वर्ग. लेड आयोडाइडसाठी ही मर्यादा साधारण ८ अब्जांश. पुस्तकागणिक थोडी खालीवर. आपल्याकडे ०.००३ चा घन, म्हणजे २७ अब्जांश. मर्यादा केव्हाच ओलांडली! साका बसणारच.

आणि इथेच उदाहरण हळूच हसतं. त्यातला सगळ्यात निरुपद्रवी दिसणारा तपशील म्हणजे ते दोन ‘१०० मिलिलिटर’. शंभरात शंभर ओतले की दोनशे होतात. दोन्ही द्रावणं एकमेकांना पातळ करतात. संहती निम्मी, ०.००१५. गुणाकारात ती तीनदा येते, म्हणून उत्तर आठपट घसरतं: जेमतेम ३.४ अब्जांश. मर्यादेच्या निम्म्याहूनही खाली. पात्रात काहीही दिसत नाही. ‘आयोडाइड आणि शिसं म्हणजे पिवळं’ हे पाठ केलेलं कोष्टक खोटं नाही, पण ते ‘किती’ विचारत नाही.

मला यातला वर्ग फार आवडतो. लेड आयोडाइडच्या स्फटिकात शिशाच्या एका आयनामागे दोन आयोडाइड, म्हणून गुणाकारात आयोडाइड दोनदा. ही विषमता कागदावर रुक्ष दिसते, तराजूवर घ्या. त्याच नितळ मिश्रणाला काठावर आणायला पोटॅशियम आयोडाइड साधारण २७ मिलिग्रॅम पुरतं. तेच काम लेड नायट्रेटकडून करून घ्यायचं तर १३६ मिलिग्रॅम लागतं. पाचपट! त्यातली दुप्पट लेड नायट्रेटच्या वजनदारपणाची, उरलेली अडीचपट वर्गाची करामत.

काठ ओलांडला तरी साका लगेच दिसेलच असं नाही. अतिसंपृक्त द्रावण थोडा वेळ हटून बसू शकतं, काचेवर चरा ओढला की भानावर येतं. आणि आयोडाइडची मेहेरबानी फारच झाली, तर जमलेला साका पुन्हा विरघळू लागतो. शिसं जास्तीच्या आयोडाइडशी संकुल बांधून द्रावणात परततं. आपल्या मिश्रणाला मात्र यातलं काहीच लागू नाही. ते पाण्यासारखं नितळ, आणि शिसं असल्यामुळे मोरीत ओतण्याच्याही लायकीचं नाही.